चांदारुआ

टांझानियातल्या दार-एस-सलामला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोन स्वाहिली शब्द मला न शिकता आले. एक ‘दुका’, म्हणजे दुकान. दुसरा ‘चांदारुआ’, म्हणजे मच्छरदाणी. हा दुसरा कानावर पडला आणि मला चिपळूणच्या घरातला चांदवा आठवला. गौरी-गणपतीत आजी मखराच्या वर खणाचा चांदवा बांधायची, चार कोपऱ्यांना चार नाड्या लावून. आपल्या किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे गलबतं जायची तेव्हा कापडाच्या गाठोड्यांबरोबर कापडाची नावंही गेली असणार, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

आजीचा दुसरा चांदवा म्हणजे तिची मच्छरदाणी. सुती, धुऊन धुऊन पिवळट पडलेली. माजघराच्या भिंतींत तिच्यासाठी चार खिळे कायमचे ठोकलेले होते. दिवा मालवायच्या आधी आजीचा हात गादीच्या चारी बाजूंनी फिरायचा, जाळीची कड आत खोचत. “पायथ्याकडची खोचलीस का गो?” हे तिचं दिवसातलं शेवटचं वाक्य. त्या जाळीला डास मारायचं औषध वगैरे काही नव्हतं. भोक पडलं की ती दोऱ्यानं टाके घालायची, आणि शेवटी शेवटी जाळीत टाकेच जास्त झाले होते.

२००५ साली नवऱ्याला दार-एस-सलाममध्ये नोकरी लागली. मी बी.कॉम. घरात बसून करमेना, म्हणून ओळखीतून कारियाकूच्या बाजारात एका घाऊक दुकानात हिशेब लिहायला जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या ‘कॅरिअर कोअर’चा, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांच्या तुकड्यांचा, तळ तिथं होता, त्याचं लोकांच्या तोंडी कारियाकू झालं. आजही तिथं माणसापेक्षा ओझंच आधी दिसतं. दुकानाचे मालक गुजराती, तिथंच जन्मलेले. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला बेन. माल म्हणजे गाद्यांच्या खोळी, चादरी, बायका नेसतात ते रंगीत खांगे, आणि मच्छरदाण्या. हिरव्या आणि निळ्या जास्त, कारण त्यांच्यावर मळ दिसत नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी काकांनी रबर लावलेला कागदांचा एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, हे पैसे आहेत, मोज. ते पैसे नव्हते. ‘हाती पुंगुझो’ होतं. सवलतीची चिठ्ठी.

टांझानियानं २००४ साली ही योजना सुरू केली होती. गरोदर बाई तपासणीला दवाखान्यात गेली की नर्स तिला ही चिठ्ठी द्यायची. ती घेऊन बाईनं जवळच्या नोंदणी झालेल्या दुकानात जायचं, वरचे थोडे पैसे भरायचे आणि जाळी घेऊन घरी जायचं. दुकानदारानं चिठ्ठ्या साठवायच्या आणि घाऊकवाल्याकडे देऊन त्या बदल्यात नव्या जाळ्या घ्यायच्या. घाऊकवाल्यानं त्या कारखान्याकडे पाठवायच्या. शेवटी पैसे भरायचे ते सरकारच्या तिजोरीतून आणि ग्लोबल फंडासारख्या मोठ्या आंतरराष्ट्रीय निधीतून. सरकारला गोदामं बांधायला नकोत, ट्रक घ्यायला नकोत. साबण, रॉकेल, वह्या ज्या वाटेनं खेड्यात पोचतात त्याच वाटेनं जाळीनंही जायचं. जाळ्यांवरचे कर सरकारनं आधीच उठवले होते. जाळ्या विणणारे कारखाने देशातच होते, अरुशाला. त्यांतल्या एका कारखान्याला सुमितोमो या जपानी कंपनीनं धाग्यातच औषध मिसळायचं तंत्र दिलं आणि २००३ पासून तिथं तशा जाळ्या निघायलाही लागल्या. पण आमच्या दुकानात अजून जास्त खप साध्या जाळीचा होता. तिच्यासोबत औषधाची पुडी यायची. घरी परातीत पाणी घेऊन पुडी कालवायची, हातमोजे घालून जाळी भिजवायची आणि सावलीत वाळवायची. किती बायकांनी ते खरोखर केलं असेल, हा प्रश्न मला तेव्हाही सतावायचा. जाळी घरी आली की ती लगेच टांगायचीच घाई असते, आणि पुडी फळीवर राहते.

चिठ्ठ्या मोजताना मला त्यांचे वास येऊ लागले. कुणाला सुक्या मासळीचा, कुणाला खोबरेल तेलाचा, कुणाला रॉकेलचा. बहुतेक सगळ्या बारीक चौकोनी घडी पडलेल्या. कारण बायका त्या खांग्याच्या टोकाला गाठ मारून आणायच्या, आपल्याकडे पदराला पैसे बांधतात तशा. दुकानात आली की बाई आधी ती गाठ दातांनी सोडवायची.

धंद्याची एक गोष्ट काकांनी मला शिकवली. मार्च-एप्रिलमधला मोठा पाऊस सुरू झाला की जाळ्या खपतात, पण लोक त्या मलेरियासाठी घेत नाहीत. घेतात ते कानाशी चालणाऱ्या गुणगुणीसाठी. शहरात गटारांत आणि संडासाच्या खड्ड्यांत वाढतो तो क्युलेक्स डास. तो झुंडीनं येतो, आवाज करतो, रात्रभर झोपू देत नाही. हिवतापाचा ॲनोफिलीस वेगळा. तो संख्येनं कमी, उशिरा रात्री येतो, आवाजही फारसा जाणवत नाही. त्यामुळे ज्या डासानं माणूस मरत नाही त्याच्या त्रासापायी शहरातली माणसं जाळी विकत घ्यायची, आणि जिथं मारणारा डास खरा आहे तिथल्या माणसाला जाळीची तितकी निकड वाटायची नाही. बाजार माणसाच्या वैतागाला लगेच ओळखतो. धोका त्याला तितकासा ऐकू येत नाही.

२००६ च्या पावसात मला पाचवा महिना होता. काका बँकेत गेले होते, गल्ल्यावर मी एकटी. एक बाई आली, माझ्यापेक्षा लहान, सात महिन्यांची तरी असेल. पहिलटकरीण. म्बागालाहून आली होती, शहराच्या पार टोकाहून. गाठ सोडून तिनं चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीची किंमत सव्वातीन हजार शिलिंग, जाळी साडेचार हजारांची. वरचे साडेबाराशे तिनं भरायचे. तिनं नाणी मोजली. साडेआठशे भरले. पुन्हा मोजली. हातात आणखी थोडी नाणी होती, पण ती वेगळी मुठीत धरलेली, डालाडालाच्या भाड्याची. तिथल्या खचाखच भरणाऱ्या छोट्या बसला डालाडाला म्हणतात.

चारशे शिलिंग कमी. मी म्हटलं, मालक नाहीत, उद्या या. तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं, मग जाळीकडे. बोटांत जाळी धरून ताणून बघितली, नाकाशी धरून एक श्वास घेतला, वारा आत येतो का ते बघायला. आणि म्हणाली, “सावा, दादा.” ठीक आहे, ताई. त्यांच्या भाषेत बहिणीला दादा म्हणतात. चिठ्ठी घडी करून परत गाठीत बांधली आणि निघून गेली.

माझ्या पर्समध्ये तेव्हा वीस हजार शिलिंग होते. चारशे काढून गल्ल्यात टाकायला मला दहा सेकंदं लागली असती. मला ते सुचलंच नाही. दुकानाचा हिशेब म्हणजे हिशेब, एवढंच डोक्यात होतं. ती पुढे आली असेल तर मला दिसली नाही.

हे मी संध्याकाळी काकांना सांगितलं. ते रागावले नाहीत, पण बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, अर्धा बाजार उधारीवर चालतो, मग पोटुशीला उधार का नाही? त्याच रात्री घरी मी मलेरियाबद्दल जे मिळेल ते वाचत बसले. गरोदरपणात मलेरियाचे जंतू वारेत जाऊन साठतात. आईचं रक्त कमी होतं, मूल कमी वजनाचं जन्मतं, आणि अशी मुलं पहिल्या वर्षात जास्त दगावतात. पहिल्या खेपेला धोका सगळ्यात मोठा. मी स्वतः रोज औषधवाल्या जाळीत झोपत होते. ती मला दुकानातून घेताना किंमत विचारायचीही गरज पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकांनी एक नवी वही काढून दिली. मी वर लिहिलं, ‘जाळी उधार’. नाव, वस्ती, किती कमी. त्या वहीतली बहुतेक नावं पुढे खोडली गेली, पैसे भरून. ज्यांनी भरले नाहीत त्यांच्यामागे काकांनी कधी माणूस पाठवला नाही.

पुढे मुलगी वर्षाची झाल्यावर आम्ही किलोंबेरोच्या खोऱ्यात गेलो होतो, काकांच्या एका गिऱ्हाइकाचं दुकान बघायला. इफाकारा नावाचं गाव. लांबच लांब भातशेती बघून मला गलबलून आलं, इतकी ती ओळखीची होती. तिथल्या शेतकऱ्यांची रीत मात्र वेगळी. भाताच्या हंगामात अख्खं कुटुंब गाव सोडून शेतावरच्या खोपटात राहायला जातं, महिनोन्‌महिने. गवताच्या भिंती, खाली चिखल, चहूकडे साचलेलं पाणी. दवाखाना लांब, दुकान त्याहून लांब. जाळी सगळ्यात जास्त हवी ती तिथं. आणि त्याच काळात माणसाच्या हातात पैसा सगळ्यात कमी, कारण पीक अजून उभं असतं.

या खोऱ्यातच १९९०च्या दशकाच्या शेवटी जाळी विकून बघायचा मोठा प्रयोग झाला होता. किलोंबेरो आणि उलांगा या दोन जिल्ह्यांत गावोगावच्या दुकानांतून गडद हिरव्या जाळ्या विकल्या गेल्या, ‘झुइया म्बू’ म्हणजे ‘डास अडवा’ या नावानं. संशोधकांनी मुलांचा माग ठेवला. औषध लावलेल्या जाळीत झोपणाऱ्या महिन्याच्या ते चार वर्षांच्या मुलांमध्ये जगण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी जास्त दिसलं. दुकानदाराच्या हातून गेलेली जाळी मुलं वाचवते, हे तिथं दिसून आलं. मी त्या गिऱ्हाइकाच्या दुकानात उभी होते तेव्हा वरच्या वाशाला चार-पाच जाळ्या टांगलेल्या होत्या, साखरेच्या पोत्यांच्या आणि शाळेच्या वह्यांच्या वर. मला त्या दुकानदाराचा अभिमान वाटला. आणि बाहेर पडल्यावर रस्त्यापलीकडची शेतातली खोपटं दिसली. त्या रात्री झोप लागली नाही.

हिशेब लिहिणारीला एक गोष्ट कायम खुपली, ती इथं सांगते. साबण घेतला की अंग आपलं निघतं. चप्पल घेतली की पाय आपले वाचतात. जाळीचं तसं नाही. औषधवाल्या जाळीवर बसलेला डास मरतो, आणि मेलेला डास शेजाऱ्याला चावत नाही. पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या खेड्यांत संशोधकांनी मोजून पाहिलं, तर जाळ्यांच्या घरांपासून तीनशे मीटरच्या आत राहणाऱ्या, स्वतःकडे जाळी नसलेल्या मुलांनाही बऱ्यापैकी संरक्षण मिळालेलं दिसलं. म्हणजे म्बागालातली बाई साडेबाराशे शिलिंग मोजते तेव्हा ती अर्ध्या आळीसाठी पैसे भरत असते. आळी तिला काही देत नाही. माझ्या वहीत जमेची बाजू होती, नावेची होती. शेजाऱ्याच्या बाळाची कुठली बाजू नव्हती. म्हणून जाळीची पूर्ण किंमत गल्ल्यावरच वसूल व्हावी हे मला कधीच पटलं नाही. पैसे देणं सरकारचंच काम आहे. जाळी पोचवण्याचं काम मात्र दुकानाइतकं चोख दुसरं कुणी करत नाही, हेही मी पाच वर्षं रोज बघत होते.

त्या काळात जाळीवरून मोठा वाद चालला होता. एक बाजू म्हणायची, फुकट दिलं की लोक किंमत करत नाहीत, मासे पकडतात, शेतात कुंपणाला लावतात; थोडे तरी पैसे घ्या. दुसरी म्हणायची, मुलं मरतायत, वाटून टाका. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली फुकट किंवा जवळजवळ फुकट देण्याच्या बाजूनं कौल दिला. पुढे केनियातल्या गरोदर बायकांच्या दवाखान्यांत जेसिका कोहेन आणि पास्कलीन दुपा या दोघी अर्थशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग वाचला. काही ठिकाणी जाळी फुकट, काही ठिकाणी थोड्या पैशांना. किंमत शून्यावरून साठ अमेरिकी सेंटवर गेली की जाळी नेणाऱ्या बायका शंभरामागे साठांनी कमी झाल्या. आणि पैसे देऊन नेलेली जाळी फुकटच्या जाळीपेक्षा जास्त वापरली जाते असंही काही दिसलं नाही. ते वाचताना मला चारशे शिलिंग आठवले. दुपांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात असंही निघालं, की ज्यांना पहिली जाळी फुकट किंवा अगदी स्वस्तात मिळाली, ते वर्षभरानं दुसरी जाळी विकत घ्यायला कमी नव्हे, उलट जास्त तयार होते. तिच्यात झोपून बघितल्यावर तिची किंमत कळते, हे आजीला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

टांझानियानंही चूक सुधारली. २००९ च्या सुमारास चिठ्ठीवर टिकाऊ औषधवाली जाळी मिळू लागली आणि बाईनं भरायची रक्कम पाचशे शिलिंगांवर बांधून टाकली. मग सरकारनं घरोघर वाटपही केलं. आधी पाच वर्षांखालच्या मुलांसाठी, मग २०११ पर्यंत प्रत्येक झोपायच्या जागेसाठी. दोन्ही मोहिमा मिळून अडीच कोटींहून जास्त जाळ्या. २००४-०५ मध्ये शंभरातल्या २३ घरांत औषधवाली जाळी होती; २०११-१२ मध्ये ९१ घरांत. एवढं मोठं काम मी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही. आमच्या मोलकरणीच्या चाळीत एका दुपारी सगळ्या खिडक्यांतून निळ्या जाळ्या बाहेर वाळत घातलेल्या दिसल्या, नवीन जाळी आधी थोडा वेळ सावलीत उघडी ठेवायची असते म्हणून. अख्खी चाळ निळी झाली होती. मी रस्त्यात उभी राहून बघत राहिले.

दुकानाचं काय झालं तेही सांगायला हवं. वाटप होणार म्हटल्यावर विकायच्या जाळ्या कुणी घेईनात. काकांनी त्या मागवणं बंद केलं आणि फळ्यांवर प्लास्टिकच्या बादल्या आल्या. काकांची तक्रार नव्हती. मुलं वाचत असतील तर चार बादल्या विकू, असंच ते म्हणाले. पण जाळी दोन-तीन वर्षांत फाटते, मोहीम रोज येत नाही, आणि मधल्या काळात लग्नं होतात, पाहुणे येतात, मुलं आईच्या कुशीतून वेगळ्या चटईवर झोपायला लागतात. त्या मधल्या काळाची सोय दुकानात होती.

आता आम्ही नागपुरात असतो. एका नर्स मैत्रिणीबरोबर मी गडचिरोलीत धानोरा आणि भामरागडकडे दोनदा जाऊन आले. महाराष्ट्रात मलेरिया फार आहे अशा भागांपैकी तो एक. सरकारी ‘कीटकनाशक भारित मच्छरदाणी’ घरोघर पोचलेली दिसली, काही घरांत वापरून विरलेली. लोक तेंदूपानासाठी, मोहासाठी जंगलात मुक्कामी जातात तेव्हा ती घरीच राहते. आठवडी बाजारात गुलाबी नायलॉनच्या जाळ्या टांगलेल्या होत्या. औषधवाली आहे का, असं मी विचारलं. दुकानदाराला वाटलं मी डास मारायची अगरबत्ती मागतेय. मग नागपूरला येऊन चार दुकानांत विचारलं. कुठंच नाही. ज्याला ती स्वतःच्या पैशानं घ्यायची आहे त्यालाही मिळू नये, याचा मला मनापासून राग येतो. दुकानात ठेवा, पैसे सरकारनं भरावेत, इतकं साधं आहे हे, आणि एका गरीब देशानं करून दाखवलेलं आहे.

२०११ च्या शेवटाला आम्ही दार-एस-सलाम सोडलं. निघायच्या आदल्या आठवड्यात मी काकांना भेटायला गेले होते, वह्या हवाली करायला. तेवढ्यात एक वयस्क बाई आली. तिला नमस्कार करून मी “शिकामो” म्हटलं, तिनं “माराहाबा” म्हणून आशीर्वाद दिला. गाठ सोडली आणि तीनशे शिलिंग गल्ल्यावर ठेवले. काकांना कळेना. तिनं वहीकडे बोट केलं. २००८ साली तिच्या मुलीची चिठ्ठी घेऊन ती आली होती, तीनशे कमी पडले होते. मी पान उलटून नाव शोधलं आणि खोडलं.

ती जायला वळली नाही. तिच्या घरी आता सून आली होती, नवीन. वाटपाच्या यादीत झोपायच्या जागा मोजून गेल्यावर आली, म्हणून फुकटची जाळी नाही. पोटुशी नाही, म्हणून चिठ्ठी नाही. चिठ्ठीवरच्या जाळ्या दुकानात होत्या, पण त्या चिठ्ठीशिवाय द्यायला परवानगी नव्हती. म्हातारी विकत घ्यायला आली होती, पूर्ण पैसे देऊन. पैसे दुसऱ्या गाठीत होते, ते तिनं आधीच सोडवायला घेतले होते.

काका बादल्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी पोऱ्याला हाक मारली आणि माळ्यावर चढायला शिडी आणायला सांगितली.